बाळांची मोजदाद मांडणाऱ्या ज्युलिया लॅथ्रॉप

१९१३ सालच्या सुरुवातीला अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या गावात काही स्त्रिया घरोघर फिरू लागल्या. त्यांच्याकडे औषधांची पेटी नव्हती आणि विकायलाही काही नव्हते. हातात होती ती एक लांबलचक प्रश्नावली. १९११ साली या घरात बाळ जन्मले का? ते पहिल्या वाढदिवसापर्यंत जगले का? आई त्याला अंगावर पाजत होती की वरचे दूध देत होती? पाणी घरात नळाने येते की बाहेरून भरून आणावे लागते? वडिलांची वर्षाची कमाई किती?

काही घरांत मांडीवरचे दीड-दोन वर्षांचे मूल दाखवून उत्तरे मिळत. काही घरांत आई दारातच गप्प उभी राही. अशा गेलेल्या बाळांचीही त्या कागदावर नोंद होत होती. या स्त्रियांना तिथे पाठवले होते वॉशिंग्टनमधल्या एका नव्याकोऱ्या सरकारी कचेरीने. ‘चिल्ड्रेन्स ब्यूरो’ हे तिचे नाव आणि ज्युलिया लॅथ्रॉप या तिच्या पहिल्या प्रमुख. अमेरिकेच्या केंद्र सरकारातील एखाद्या ब्यूरोचे प्रमुखपद भूषवणारी ही पहिलीच स्त्री.

बालमृत्यू दर, वयानुसार वजन, जन्मदाखला हे शब्द आज रोजच्या वापरातले झाले आहेत. मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या देशालाही आपल्याकडे वर्षाला नेमकी किती बाळे जन्मतात, हे ठाऊक नव्हते. ती मोजणी सुरू व्हावी म्हणून लॅथ्रॉप यांनी आपल्या आयुष्यातली महत्त्वाची वर्षे खर्ची घातली.

वकिलाची मुलगी

ज्युलिया क्लिफर्ड लॅथ्रॉप यांचा जन्म २९ जून १८५८ रोजी इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे झाला. वडील विल्यम लॅथ्रॉप वकील होते, गुलामगिरीचे विरोधक होते आणि पुढे ते अमेरिकी काँग्रेसवर निवडूनही गेले. आई सुशिक्षित आणि स्त्रियांना मताधिकार मिळावा या मताची होती. घरात कायदा, राजकारण आणि न्याय-अन्याय यांच्या गप्पा नेहमीच्या. ज्युलियाने १८८० साली व्हासार कॉलेजातून पदवी घेतली. मात्र त्या काळात शिकलेल्या मुलीसमोर वाटा फारशा नव्हत्या. पुढची दहा वर्षे तिने वडिलांच्या कचेरीत चिटणिसाचे काम केले. कायद्याची भाषा, कागद नीट ठेवण्याची शिस्त आणि पुराव्याशिवाय न बोलण्याची सवय तिथेच लागली.

१८९० साली वयाच्या बत्तिशीत त्या शिकागोला ‘हल हाउस’मध्ये राहायला गेल्या. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी वर्षभरापूर्वीच गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत हे सेवाघर सुरू केले होते. इटली, पोलंड, बोहेमिया, रशिया अशा देशांतून आलेली कुटुंबे आसपासच्या कोंदट चाळींतून दाटीवाटीने राहत. तिथल्या सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग जेन ॲडम्स यांनी पुढे लिहून ठेवला आहे. वस्तीतल्या एका अविवाहित मुलीला प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्या. लोकलाजेस्तव शेजारणींपैकी कोणी पुढे येईना. तेव्हा कसलाही अनुभव नसताना ॲडम्स आणि लॅथ्रॉप या दोघीच तिथे गेल्या आणि बाळ सुखरूप जगात आले. बाळ कोणाचे, कोणत्या घरातले, असा भेद लॅथ्रॉप यांच्या पुढच्या कामात कुठेही दिसत नाही. त्याची खूण या पहिल्या प्रसंगातच आहे.

१८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी त्यांना राज्याच्या धर्मादाय मंडळावर नेमले. राज्यात १०२ काउंट्या म्हणजे जिल्हे होते. लॅथ्रॉप यांनी त्या सगळ्या जिल्ह्यांतली गरिबांची आश्रयगृहे स्वतः जाऊन पाहिली. म्हातारे, वेडसर ठरवलेले, आजारी आणि लहान मुले सगळी एकाच छपराखाली कोंबलेली. मंडळाच्या कागदोपत्री मात्र नुसते आकडे. माणूस कोण, वय काय, कशामुळे इथे आला, काहीच नाही. वशिल्याने नेमलेले अननुभवी कर्मचारी ही या संस्थांची मोठी दुखणी होती. त्याच्या निषेधार्थ १९०१ साली लॅथ्रॉप यांनी मंडळाचा राजीनामा दिला. काही वर्षांनी त्या परत आल्या, तेही काम पुढे नेण्यासाठीच.

याच काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक लढा जिंकला. तोवर शिकागोत चोरीमारीत सापडलेल्या पोरांना मोठ्या गुन्हेगारांसोबतच तुरुंगात टाकत. १८९९ साली तिथे मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. अमेरिकेतले ते पहिलेच बाल न्यायालय.

कापसाची कीड आणि माणसाचे मूल

मुलांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र खाते हवे, ही कल्पना लॅथ्रॉप यांची नव्हे. न्यूयॉर्कमध्ये वस्त्यांतून परिचारिकांची सेवा उभारणाऱ्या लिलियन वॉल्ड आणि कामगार स्त्रिया-मुलांसाठी झगडणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांच्या बोलण्यातून ती निघाली. कापसावरच्या बोंडकिडीने दक्षिणेत किती नुकसान केले हे पाहायला सरकार जातीने माणसे धाडते, मग दरवर्षी इतकी बाळे दगावतात त्याची चौकशी का करत नाही, असा त्यांचा साधा सवाल होता. १९०६ साली विधेयक मांडले गेले. ते मंजूर व्हायला सहा वर्षे लागली.

विरोध करणाऱ्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. सरकारी माणसे घरात घुसून आईबापांना जाब विचारतील, असे अनेक सिनेटरांना वाटत होते. म्हणून कायद्यातच अट घातली गेली की, कुटुंबप्रमुखाची हरकत असेल तर या खात्याच्या माणसाने राहत्या घरात पाऊल टाकायचे नाही. अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी ९ एप्रिल १९१२ रोजी कायद्यावर सही केली आणि आठवडाभरातच लॅथ्रॉप यांची नेमणूक झाली. हाताखाली पंधरा माणसे आणि वर्षाला २५,६४० डॉलर. एवढ्या सामग्रीत अख्ख्या देशातल्या मुलांची खबर घ्यायची होती. शिवाय या खात्याला कोणाला शिक्षा करण्याचा किंवा मदत वाटण्याचा अधिकार नव्हता. अधिकार होता तो फक्त चौकशी करून अहवाल देण्याचा.

लॅथ्रॉप यांनी पहिला विषय निवडला बालमृत्यूचा. बाळ मरू नये याबद्दल कोणाचाच मतभेद असण्याचे कारण नव्हते. आणि बाळ का मेले याचा माग काढत गेले की घर, पाणी, दूध, आईची प्रकृती, बापाची मजुरी हे सगळेच प्रश्न आपोआप समोर येतात, हे त्यांनी ओळखले होते.

अंश आहे, पण तो कोणत्या छेदावर ठेवायचा?

बालमृत्यू दर काढण्याचे गणित शाळकरी आहे. एका वर्षात एक वर्षाच्या आतली किती बाळे मेली, त्या संख्येला त्या वर्षी जन्मलेल्या बाळांच्या संख्येने भागायचे आणि हजाराने गुणायचे. अडचण अशी होती की भागायला खालची संख्याच नव्हती. अमेरिकेत अनेक राज्यांत मृत्यूची नोंद बऱ्यापैकी होत होती, कारण पुरायला परवाना लागे. जन्माची नोंद मात्र डॉक्टर किंवा सुईण यांच्या मर्जीवर होती. काही राज्यांत कायदा असून पाळला जात नसे, तर काही ठिकाणी धड कायदाही नव्हता.

मग जनगणनेवरून का नाही काढायचे? अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली आहे. १९१० च्या गणनेत तान्ह्या मुलांचे वय महिन्यांतही लिहून घेतले होते. आईला एकूण किती मुले झाली आणि त्यातली किती हयात आहेत, हेही विचारले होते. तरीही जनगणना हे एका ठरावीक दिवसाचे छायाचित्र असते. १९०५ च्या मे महिन्यात जन्मून ऑगस्टमध्ये गेलेले बाळ १९०० च्या गणनेत नसते आणि १९१० च्याही नसते. ज्या बाळांचा प्रश्न सोडवायचा, नेमकी तीच बाळे गणनेच्या जाळीतून निसटून जातात. त्यात भर म्हणजे घरातली माणसे सांगताना तान्हे मूल सांगायचेच राहून जाते, हा सगळीकडचा अनुभव. वर्षाला सुमारे तीन लाख बाळे दगावतात असा अंदाज त्या वेळी सांगितला जाई. पण तो अंदाजच होता.

म्हणून लॅथ्रॉप यांनी दोन गोष्टी एकदम हाती घेतल्या. आधीच्या जनगणनेत आणि इतर सरकारी कागदांत मुलांविषयी जे काही विखुरलेले होते, ते एकत्र करून छापले. जनगणना खात्यातून आलेले लुइस मेरियम त्यांच्या हाताशी होते. दुसरीकडे जन्मनोंदणीची मोहीम सुरू केली. खात्याकडे माणसे नव्हती, तेव्हा त्यांनी गावोगावच्या महिला मंडळांना साद घातली. काम सोपे होते. आपल्या भागात गेल्या वर्षी जन्मलेल्या काही बाळांची नावे गोळा करायची आणि नोंदणी कचेरीत जाऊन त्यांची नोंद झाली आहे का हे ताडून पाहायचे. हजारो स्त्रियांनी हे केले. आपल्या डोळ्यांसमोर खेळणाऱ्या पोराचे सरकार दरबारी नावच नाही, हे पाहून अनेकींना धक्का बसला आणि त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवला.

त्याचे फळ लवकरच दिसले. जनगणना खात्याने १९१५ साली जन्मनोंदणी क्षेत्र जाहीर केले. जिथली नोंदणी भरवशाची आहे, अशी दहा राज्ये आणि राजधानीचा जिल्हा एवढेच त्यात बसले. त्या क्षेत्रात त्या वर्षी दर हजार जन्मांमागे सुमारे १०० बाळे पहिल्या वर्षातच दगावत होती. देशाला आपल्या बालमृत्यूचा भरवशाचा आकडा मिळायला अशी सुरुवात झाली.

जॉन्सटाउनने काय सांगितले

जॉन्सटाउन निवडले गेले ते तिथली जन्मनोंदणी तुलनेने चांगली होती म्हणून. गाव मध्यम आकाराचे, पोटापाण्यासाठी आलेल्या परदेशी कामगारांचे. चौकशीची पद्धत नवी होती. आधी मृत्यूचा दाखला घेऊन मागे जाण्याऐवजी १९११ साली जन्मलेली बाळे घ्यायची आणि प्रत्येकाचे वर्षभरात काय झाले ते पाहायचे. त्यामुळे मेलेल्यांसोबत जगलेल्यांचीही माहिती हाती आली आणि दोन्हींची तुलना करता आली. आजही साथरोगशास्त्रात ही पद्धत भरवशाची मानली जाते. माहिती देणे पूर्णपणे आईच्या खुशीवर होते. बहुतेक घरांत दारे उघडली गेली.

गावाचा बालमृत्यू दर निघाला हजारी १३४. पण हा सरासरी आकडा खरी गोष्ट झाकत होता. सर्वांत वाईट वॉर्डात तो २७१ होता, म्हणजे जन्मलेल्या चार बाळांतले एकाहून अधिक वर्ष पुरे करत नव्हते. तिथले रस्ते कच्चे, गटारांची सोय नाही, सांडपाणी दारातून वाहणारे. घरात नळ होता तिथे कमी बाळे दगावली, पाणी बाहेरून आणावे लागे तिथे जास्त. अंगावर पिणारी बाळे वरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा कितीतरी अधिक जगली. आणि ज्या बापाची वर्षाची कमाई ५२१ डॉलरहून कमी होती त्याच्या घरात दर हजारी सुमारे २५६ बाळे गेली, तर १,२०० डॉलर किंवा जास्त कमावणाऱ्याच्या घरात ८४.

तोवर बाळ दगावले की बोट आईकडे जाई. आई अडाणी, आई निष्काळजी, परदेशी बायकांच्या सवयीच वाईट, असे सर्रास मानले जाई. लॅथ्रॉप यांच्या खात्याने मांडलेल्या आकड्यांनी ते बोट बापाच्या मजुरीकडे, नगरपालिकेच्या गटारांकडे आणि नळांकडे वळवले. मजुरी कमी म्हणून घर कोंदट, घर कोंदट म्हणून आजार, आणि चूल पेटती ठेवायला आईला बाळंतपणानंतर लगेच कामाला जुंपून घ्यावे लागे, अशी ती साखळी होती. मँचेस्टर, न्यू बेडफर्ड, अ‍ॅक्रन, बाल्टिमोर अशा इतर शहरांतही नंतर असे अभ्यास झाले. कमाई वाढते तसा मृत्यूदर उतरतो, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसले.

१९१४ मध्ये खात्याच्या वाढीव खर्चाची मागणी काँग्रेसच्या समितीने फेटाळली तेव्हा देशभरातून पत्रांचा पाऊस पडला. अखेर खात्याला एक लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. मोजणी घरोघर पोहोचली होती, त्याचा हा परिणाम.

तराजूवर ६५ लाख मुले

लॅथ्रॉप यांनी मोजणीच्या जोडीला माहितीही दिली. गरोदरपणातली काळजी आणि तान्ह्या बाळाचे संगोपन यांवर साध्या भाषेतल्या पुस्तिका १९१३ आणि १९१४ साली निघाल्या. पाच मुलांची आई असलेल्या मेरी मिल्स वेस्ट यांनी त्या लिहिल्या होत्या. लाखो प्रती खपल्या. त्यातला सगळाच सल्ला काळाच्या कसोटीवर टिकला नाही. बाळाने अंगठा चोखू नये म्हणून बाही टाचून ठेवावी, त्याच्याशी फार खेळू नये, अशा सूचनाही त्यात होत्या. स्वच्छ दूध, स्तनपान, प्रसूतीपूर्वी तपासणी ही सूत्रे मात्र टिकली. दूरदूरच्या शेतवाड्यांतून बायकांची पत्रे येऊ लागली. डॉक्टर कित्येक मैल दूर आहे, दिवस भरत आले आहेत, काय करू, असे त्यांत लिहिलेले असे. खात्यातून त्यांना उत्तरे जात आणि काही वेळा लॅथ्रॉप स्वतः मदतीची सोय करत.

पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण शारीरिक तपासणीत नापास झाले. त्यांच्या दुखण्यांचे मूळ अनेकदा लहानपणातच होते. ६ एप्रिल १९१८ पासून एक वर्ष ‘बाल वर्ष’ म्हणून पाळण्याचे लॅथ्रॉप यांनी ठरवले. पाच वर्षांखालच्या एक लाख मुलांचे प्राण वाचवायचे, हे उद्दिष्ट. शाळा, चर्च, दुकाने, जिथे तराजू मिळेल तिथे आया मुलांना घेऊन येऊ लागल्या. सुमारे ६५ लाख लहान मुलांचे वजन आणि उंची मोजली गेली. शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली आणि कित्येक गावांत काम थांबले, तरी हा आकडा गाठला गेला. पुढे त्यातल्या दीड लाखाहून अधिक मुलांच्या नोंदींवरून सहा वर्षांखालच्या मुलांची उंची व वजन यांचे तक्ते तयार झाले. आपल्या मुलाची वाढ वयाप्रमाणे होते आहे की नाही, हे आईला घरच्या घरी कळायला एक मोजपट्टी मिळाली.

जन्मदाखल्याचे मोल आणखी एका ठिकाणी कळले. १९१६ साली झालेला बालमजुरीविरोधी कायदा राबवण्याचे काम याच खात्याकडे आले. गिरणीतले पोर चौदा वर्षांचे झाले आहे की नाही, हे ठरवायचे कसे? दाखला नसेल तर घरातल्या बायबलमध्ये लिहिलेली जन्मतारीख शोधावी लागे. तो कायदा १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पण वयाचा कागद नसलेल्या मुलाला कोणताच कायदा राखू शकत नाही, हा धडा मागे राहिला.

अखेरची वर्षे

बाळांच्या पाठोपाठ खात्याने आयांचेही मृत्यू मोजले. १९१३ या एका वर्षात अमेरिकेत गरोदरपण आणि बाळंतपणाशी निगडित कारणांनी किमान १५,००० स्त्रिया गेल्या होत्या. त्यातले बरेचसे मृत्यू टाळता आले असते. लॅथ्रॉप यांनी गावपातळीवर परिचारिका, तपासणी केंद्रे आणि माहिती यांची योजना आखली. तिचेच पुढे शेपर्ड-टाउनर कायद्यात रूपांतर झाले. नोव्हेंबर १९२१ मध्ये त्यावर सही झाली. त्याच वर्षी त्यांनी पद सोडले आणि सूत्रे ग्रेस ॲबट यांच्याकडे दिली.

४८ पैकी ४५ राज्ये या योजनेत आली. जी तीन बाहेर राहिली, त्यात लॅथ्रॉप यांचे स्वतःचे इलिनॉय होते. डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे १९२९ मध्ये योजना बंदही पडली. दरम्यान नोंदणी क्षेत्रातला बालमृत्यू दर १९२१ मधल्या ७६ वरून ६८ वर आला होता. सगळे श्रेय एका कायद्याला देता येणार नाही. दूध स्वच्छ होत होते, पाणी सुधारत होते. पण ही घसरण दिसू शकली, मोजता आली, ती नोंदी होत्या म्हणूनच.

लॅथ्रॉप पुढे राष्ट्रसंघाच्या बालकल्याण समितीवर सल्लागार म्हणून काम करत राहिल्या. १५ एप्रिल १९३२ रोजी रॉकफर्ड येथेच त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी टेक्सास जन्मनोंदणी क्षेत्रात सामील झाले आणि सगळी ४८ राज्ये त्यात आली. तरीही काम संपलेले नव्हते. १९४० च्या जनगणनेत तान्ह्या बाळांची यादी करून ती जन्मनोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा शंभरातल्या सात-आठ जन्मांची नोंद अजूनही होत नसल्याचे उघड झाले. महिला मंडळांनी वहीत केलेली तीच पडताळणी आता देशभर झाली होती.

आज उलट्या दिशेने ताळा घेतला जातो. जन्म-मृत्यूच्या नोंदी पक्क्या आहेत, त्यामुळे जनगणनेत कोण सुटले ते कळते. अमेरिकेच्या २०१० च्या गणनेत पाच वर्षांखालची ४.६ टक्के मुले मोजायची राहिली, २०२० मध्ये ५.४ टक्के. सर्व वयोगटांत सर्वाधिक सुटणारा गट हाच. आजी-आजोबांकडे राहणारी, दोन घरांत वाटली गेलेली, भाड्याच्या दाटीवाटीच्या घरातली, नुकतीच जन्मलेली मुले यादीत लिहायची राहून जातात. गणनेवरूनच शाळा, लसीकरण आणि आहार योजनांचा पैसा ठरतो. त्यामुळे सुटलेल्या मुलाचा वाटाही सुटतो, आणि पुढची दहा वर्षे सुटलेलाच राहतो.

जॉन्सटाउनच्या त्या प्रश्नावलीत गेलेल्या बाळालाही जगलेल्या बाळाइतकीच जागा होती. त्या गेलेल्या बाळांच्या ओळींमुळेच गटार कुठे हवे, नळ कुठे हवा आणि मजुरी कुठे अपुरी पडते, हे गावाला आणि देशाला कळले.